टीव्हीतली बाग

आमच्या लेकीला, संध्याला, पहिली मुलगी झाली ते दोन हजार सात साल. डॉक्टरने तिला पडून राहायला सांगितलं होतं, म्हणून पावसाळ्यात दीडेक महिना मी तिच्याकडे उल्हासनगरला होते. खरवईला घरी आमचे हे, मुलगा मिलिंद आणि सून यशोधरा.

आदल्या वर्षी लकव्याने ह्यांची उजवी बाजू गेली होती. अंबरनाथच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर घरामागे बाग केली ती ह्यांनीच. पेरू, केळी, अळू. अळवात मुंगसाची जोडी राहायची. अंथरूण धरल्यावर हे तिचीच चौकशी करायचे. मिलिंदचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्याने जुना छोटा कॅमेरा आणला, प्लास्टिकच्या बरणीत बसवून पेरूला बांधला, वायर खिडकीतून ह्यांच्या टीव्हीला जोडली. समोर काही हललं की आपोआप ते टेपवर रेकॉर्ड व्हायचं, असं सर्किटही केलं. तेव्हा मी चार जणांत मुलाचं कौतुक सांगत फिरले.

परत आले तर हे माझ्याकडे टक लावून बघत राहिले.

"चांगुणे, खरं सांग. तू कुठं गेली होतीस का?"

"संध्याकडे होते की."

"मग काल मागं धुणं कोण वाळत घालत होतं? निळ्या लुगड्यात. टीव्हीत बघितलं मी. मिलिंद म्हणतो, आई इथंच असते, बाबा, तुमचं डोकं चालत नाही आता."

बोलताना त्यांनी डाव्या हाताने माझा पदर धरून ठेवला होता.

मी मागचं दार उघडलं. बाग नव्हती. सगळीकडे सिमेंट, चार खांब, अर्धी भिंत. अळवाच्या जागी खडीचा ढीग.

"भाडेकरूला खोली काढतोय," मिलिंद मागून म्हणाला. "बाबांना जुनी टेप लावून देतो. खूष असतात. ठोकाठोक ऐकू आली तर शेजारचं काम आहे म्हणून सांगतो."

"आणि त्यात मी दिसले तर?"

"तू मध्येच येतेस त्याला मी काय करू? कापत बसू का?"

"म्हणून बापाला वेडं ठरवलंस?"

"आई, सेंटी नको होऊस यार. त्यांना काय फरक पडतो?"

हा रोज टेप मागे फिरवून लावत होता, बाप घाबरतोय ते बघत होता आणि शेजारी बसून जेवत होता. सुनेने चहा पुढे केला. त्या घरातलं पाणीसुद्धा मला नको वाटलं.

"धर गं खुर्चीची ती बाजू," ह्यांना खुर्चीत बसवून मी तिला म्हणाले. ती नवऱ्याकडे बघायला लागली. "त्याच्याकडे काय बघतेस? धर."

"धक्का बसेल त्यांना," मिलिंद म्हणाला.

"बसू दे."

आम्ही ह्यांना मागच्या दारात आणलं. खोलीत टेप चालूच होती. ह्यांनी सिमेंट, खांब, खडी सगळं नजरेने मोजलं.

"पेरूपण तोडला?"

"हो."

"म्हणजे तू खरंच गेली होतीस."

"गेले होते."

"मग डोकं ठीक आहे माझं," असं म्हणून हे हसले. वाकड्या तोंडाने, पण हसले. मग मिलिंदला म्हणाले, "बंद कर ते."

खोली पुरी झाली, भाडेकरू आला. मी चूल वेगळी केली. ह्यांना भरवायला मिलिंदला पुन्हा जवळ येऊ दिलं नाही. आमचे हे, भीमराव, ११ जानेवारी २००८ ला, शुक्रवारी सकाळी वारले.