अडतीस नाडे

भादव्यात एकवीस दिवस पाऊस आला नाही. भिवापूरकडच्या माझ्या वावरात दुपार झाली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माना टाकायची. अकरा झाडं मात्र ताठ. बी घरच्या एकाच पोत्यातलं, शेणखत एकच, औषधाचा थेंब नाही, तरी ताठ. गुण रक्तातला की नुसता खालच्या ओलीचा, हे पुढच्या सालीच कळणार. त्यांचं बी वेगळं लावायचं. त्या झाडांची पोरंही उन्हात ताठ राहिली तर रक्तातला. सहा वर्षं मी हेच शोधत होतो. उंच-बुटकी झाडं बघून लोक माझ्या वावराला भेसळ म्हणतात. म्हणू देत. त्यांची झाडं कारखान्यातल्या बाटल्यांसारखी एकसारखी, आणि बी दरसाल दुकानातून.

घरात देवाचा लाल नाडा होता. तोच तोडून अकरा झाडांना बांधला. पाऊस आल्यावर सगळं शेत सारखंच हिरवं झालं. कोणती ओळ, कितवं झाड, वहीत लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. चूक माझी.

पहिल्या वेच्याच्या दिवशी बियांसाठी कापडी पिशव्या आणायला मी नागपुरात, इतवारीत गेलो. परत आलो तर कांताबाई आणि तिच्या टोळीतल्या बाया सीतादही करून कापूस वेचत होत्या. वेचणीच्या आधी पऱ्हाटीची पूजा करायची, दहीभात ठेवायचा, आमच्याकडची रीत. आणि लाल नाडे मोजले तर अडतीस!

"हे काय केलं वं, कांताबाई?"

"तुमीच नं बांधले होते, चंद्रभानभाऊ? आमाले वाटलं, एकला माणूस देवाचं करून राहिला. अकरात काय होते? आमीबी बांधले."

"एकल्या माणसाले बायको भेटो म्हणून!" मागून एक बोलली. सगळ्या हसल्या.

मीही हसलो असतो तर बरं झालं असतं. मी ओरडलो. अडाणी म्हणालो, गधड्या म्हणालो. कांताबाईने ओटीतला कापूस तिथंच ओतला, पदर झटकला आणि बाया घेऊन निघून गेली.

डोकं थंड झाल्यावर कळलं, कोणता नाडा कोणाचा हे त्या बायांनाच ठाऊक. तिच्या घरी गेलो.

"तुमी बांधले तेवढे दाखवून द्या, बाई."

ती दारातूनच म्हणाली, "अडाण्याइले काहून इचारता? वळखा नं तुमीच. सहा साल झाडाइशीच बोलून राहिले. माणसाशी त कधी बोलले नाई."

नागपुरात धरमपेठेत राहणाऱ्या पोरीला फोन केला. "बाबा, दुसरी बांधा ना झाडं," हिमानी म्हणाली. "मी मीटिंगमध्ये आहे."

दुसऱ्या वेच्याला कोणी आलं नाही. अडतीस झाडं मी एकट्याने वेचली, एकेकाचा कापूस वेगळा. पिशव्या अकराच होत्या; बाकीच्या बायकोच्या जुन्या लुगड्यांच्या शिवल्या. ती असती तर लुगड्यांवरून भांडली असती.

आता जूनमध्ये अडतीस ओळी लावायच्या. आणि ओलीच्या सालात सगळीच ताठ राहतात. भादव्यात पावसाने पुन्हा दडी मारली, तरच कोणत्या ओळी ताठ राहतात ते मला कळणार. म्हणजे सारं गाव पाऊस मागत असेल, आणि मी बांधावर उभा राहून नको म्हणत असेन. हे कोणाजवळ बोलायचं?