आधी चांगला खांदा

"मावशीचा हात वर जातच नाही हो," भाची म्हणाली. "म्हणून तर म्हणतेय, आता आमच्याकडेच राहा. एकटीचं बिऱ्हाड हवंय कशाला?"

"तू म्हणतेस," तपासणीच्या खाटेवर बसलेल्या बाई म्हणाल्या. "माझ्या खांद्याला विचारलंस का?"

समोर उभी असलेली थेरपिस्ट तळहात एकमेकांवर चोळत होती. थंड हात रुग्णाला लावायचा नाही, हे तीस वर्षांपूर्वी याच बाईंनी तिला शिकवलं होतं. तेव्हा बाई खडूने एखादीच्या पाठीवर खांद्याचं हाड काढून दाखवायच्या आणि वर्ग श्वास रोखून बघायचा. रुग्ण तपासायची वेळ आली की ती मात्र पुढे घुसून नेमक्या दुखऱ्या जागी बोट रुतवायची. रुग्ण ओरडायचा. बाईंनी तिचं नावच 'घाई' ठेवलं होतं.

आज बाईंचे केस भाचीने बांधून दिले होते, पार टाळूवर. जन्मभर मानेवर अंबाडा घालणाऱ्या बाई त्या गाठोड्याखाली कुणी परक्याच वाटत होत्या.

तीन आठवड्यांपूर्वी मोरीत पाय घसरून त्या उजव्या खांद्यावर पडल्या होत्या. एक्सरेत हाड शाबूत होतं. खांद्याचा स्नायू फाटलाय की नुसता दुखावलाय, एवढंच आता तिने सांगायचं होतं. त्यावर बाईंचं घर राहणार की मोडणार, ते ठरणार होतं.

"बाई, हा हात बाजूने वर घ्या."

हात खांद्याच्या रेषेच्या थोडा वर आला आणि थांबला. बाईंनी ओठ दाबून धरले. तिने कोन मोजायची पट्टी लावली. निम्म्याहून थोडा जास्त.

"बघा!" भाची म्हणाली. "सांगा ना तुम्हीच हिला."

सांगायला तिने तोंड उघडलं.

"घाई," बाई हळूच म्हणाल्या.

तीस वर्षांत या नावाने कुणी हाक मारली नव्हती. तिचे कान लाल झाले.

"माझं शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणीच की गं. आधी कुठला बघायचा?"

"चांगला."

"का?"

"त्या माणसाचं चांगलं म्हणजे किती, ते हाताला कळावं म्हणून."

"मग?"

ती वळसा घालून डाव्या बाजूला गेली. "हा वर घ्या, बाई."

डावा हात निघाला. न दुखता, न अडखळता वर आला आणि उजवा थांबला होता तिथून जेमतेम चार बोटं पुढे जाऊन थांबला.

"अजून?"

"एवढंच आहे गं. सात-आठ वर्षं झाली."

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात टाचा न उचलता लिहिणाऱ्या बाई होत्या या. तिने पट्टी पुन्हा लावली. डोळ्यांना आकडे नीट दिसेनात. मग दोन्ही कोपर अंगाशी धरायला लावून तिने बाईंना आपल्या हाताविरुद्ध जोर करायला सांगितलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. उजवीकडे दुखलं, पण जोर तेवढाच होता. बाईंचा उजवा हात वर धरून तिने अलगद सोडला, तो पडला नाही. हळूहळू खाली आला.

"फाटलेलं वाटत नाही," ती भाचीला म्हणाली. "दुखावलाय. सहा आठवडे रोज व्यायाम, जड काही उचलायचं नाही. पडल्यामुळे गेलंय ते फक्त चार बोटं. बाकीचं..." ती थांबली.

"बाकीचं वयाने नेलंय," बाई म्हणाल्या. "त्याचा पंचनामा नको."

"पण केस?" भाचीने विचारलं. "एवढाच हात वर जातो, तर इतकी वर्षं बांधत कशी होतीस?"

बाईंनी केसांत खोचलेले तीन आकडे काढून थेरपिस्टच्या तळहातावर ठेवले. डाव्या हाताने टाळूवरची गाठ सोडली. पांढरे केस खांद्यावर उतरले. मग हनुवटी छातीला टेकेपर्यंत त्यांनी मान खाली घातली. हात जिथवर जात होते, तिथवर मान आणून दिली. उजवा खांदा थरथरला. भाची पुढे झाली, तसं थेरपिस्टने तिला नजरेनेच थांबवलं.

पहिला पेड निसटला. बाईंनी तो पुन्हा धरला.

थेरपिस्ट खाटेशी उभी राहिली. उघड्या तळहातावर केसांचे ते तीन आकडे धरून, बाई मागतील तेव्हा द्यायला. तिला कसलीही घाई नव्हती.