सवत यूच्या लाकडाची

मी हॅमनच्या घरातली बाण मारायची कमान बोलतेय. एल्मच्या लाकडाची, खुंटीवरची. यूच्या लाकडाची ती वेगळी. तिचं नुसतं नाव काढलं तरी अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मी गिरणीमागच्या झाडाची. हॅमनने मला त्याच्या डोक्याहून उंच तासलं, मेंढीची चरबी चोळली. रविवारी चर्चमधून सुटलं की सगळ्या पुरुषांनी मैदानावर बाण मारायचे, असा राजाचा हुकूमच होता. त्या मैदानावर मी हॅमनला कधी मान खाली घालायला लावली नाही.

मग समुद्रापलीकडून दारूच्या पिंपांसोबत ती आली, अजून नुसतं न तासलेलं लाकूड. पाठ गोरी, पोट तांबूस. हॅमन खुळावलाच! तिला चुलीवरच्या आढ्याला काही वर्षं वाळत ठेवलं, आणि येता-जाता कुरवाळायचा. माझ्यासारखीच त्याची बायको इडनीही जळायची.

"मला कधी एवढं गोंजारलं नाहीस रे!"

"तू कुठे वाकतेस?" हॅमन हसायचा.

एका घरात दोघी जळणाऱ्या असल्या की मैत्री होतेच.

अशात फ्रान्सच्या लढाईची दवंडी आली. "ही कमान पुरी झाली की निघतो," हॅमन म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो तासत बसला असताना इडनीने यूच्या पाठीवर बोट ठेवलं.

"अगबाई! तुझ्या लाडकीच्या पाठीवर हे आवाळू कसलं?"

ती लाकडातली गाठ होती. गाठीभोवतीचं लाकूड उंचच ठेवायचं, नाहीतर कमान तिथेच मोडते, हे हॅमन जगाला शिकवायचा. पण लाडकीला नाव ठेवलेलं त्याला सोसेना. पातं फिरवून त्याने पाठ गुळगुळीत केली. कमानी करणाऱ्याच्या घरात जन्म घालवलेल्या इडनीला हे ठाऊक नव्हतं, असं मी तरी म्हणणार नाही.

रविवारी सगळ्या गावासमोर त्याने ती कानापर्यंत ओढली, आणि ती गाठीपाशी काडकन मोडली. तुकडे घरी आले तेव्हा मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. इडनीलाही हसू आवरेना.

"आता कशाने लढशील? बस घरी."

"एल्मची आहे की," हॅमन म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

इतक्या वर्षांनी बघितलं! बघितलं इडनीनेही, पण त्या नजरेत मैत्रीण उरली नव्हती.

निघायच्या सकाळी तिनेच मला मेण लावलं, आपल्या लग्नातल्या झग्याचं कापड फाडून मला गुंडाळलं आणि हळूच म्हणाली, "जिंकलीस, सवतीबाई. आता त्याला परत आण."

आता आम्ही जहाजावर आहोत. हॅमन मला छातीशी धरून बसतो. हीच तर माझी हौस होती. पण नाक खुपसतो ते इडनीच्या कापडात, आणि मी पुन्हा जळते.

तरी इडनी, ऐक. मैदानावर मोडले नाही, तिथेही मोडणार नाही. तू फक्त माझ्या खुंटीवर दुसरं काही टांगू नकोस.