शिडीच्या खुणा

त्याला सगळे शिडी म्हणत. उंची सहा फूट अकरा इंच, आणि खांदे जरा पुढे झुकलेले, कारण जन्म गेला दुसऱ्यांच्या दारांतून वाकून जाण्यात. चौदा वर्षं तो पगारी बास्केटबॉल खेळत होता आणि तेवढ्यात सहा संघ झाले. प्रत्येक गावात भाड्याची खोली, खोलीत हातभर तोकडा पलंग, आणि पायांखाली कपड्यांची पेटी लावून झोपायचं.

खेळाडू म्हणून तो बरा होता. रिंगखाली उभं राहायचं, कोपरं खायची, चेंडू आला की ओढून घ्यायचा आणि नेमबाजाच्या हातात द्यायचा. टीव्हीवर दिसला तर त्या नेमबाजाच्या मागे, अर्धा. असे उंच गडी प्रत्येक संघाकडे असतात. तरी दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी त्याला मागून नेई. त्याचं कारण वेगळं होतं.

दुसऱ्या संघात गेला तेव्हा तो तेवीस वर्षांचा. पहिल्याच दिवशी तिथल्या कोचनी त्याला आपल्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं, चहा मागवला आणि हातात खडू दिला. म्हणाले, "तुझ्या जुन्या कोचच्या खुणा सांग."

कोच बाकावर बसून हातानं खुणा करतो. कान धरला की ही चाल, कोपर चोळलं की ती. समोरच्यांना त्या कळल्या की निम्मा सामना तिथंच संपला. शिडी फुशारला. आजवर कुणी त्याचं बोलणं एवढं कान देऊन ऐकलं नव्हतं. त्यानं फळा भरून टाकला. तिसऱ्या संघात तेच झालं, चौथ्यात तेच. सहाव्यात तर चहा यायच्या आधी त्यानं स्वतःच खडू उचलला.

ते सगळं अंगाशी आलं ते याच सहाव्या संघात.

मुलीची शाळा सुरू झाली तेव्हा पेट्या बांधून बांधून कंटाळलेली बायको म्हणाली, आता पुरे, आणि दोघी घरच्या गावी राहिल्या. मुलगी सात वर्षांची झाली तरी तिनं बापाला कोर्टवर असं समोर कधी पाहिलं नव्हतं. आणि आता घरच्याच संघानं विचारलं होतं, एक वर्ष येतोस का? गुडघे कुरकुरत होते, वर्ष शेवटचंच होतं. शुक्रवारी पाचच्या आत नाव नोंदवायचं होतं. फक्त सहाव्या संघानं सोडपत्र द्यायला हवं होतं, कारण करार अजून दोन वर्षांचा होता.

"सोडीन की," कोच म्हणाले. "आधी एक सांग. पाचव्या संघाचं सगळं मला कुणी सांगितलं?"

"मी, सर."

"मग त्यांना आमचं कोण सांगेल?"

"मी नाही सांगणार."

"पाचव्या संघातून निघताना काय म्हणाला होतास?"

शिडी तेव्हाही हेच म्हणाला होता.

गंमत अशी की त्याला आता खेळवतही नव्हते. त्याच्या जागी दुसरा उंच गडी आला होता. शिडीनं रोज सकाळी सातला यायचं, वहीत सही करायची, रिकाम्या हॉलमध्ये एकट्यानं चेंडू आपटायचा आणि खोलीवर जायचं. एक दिवस चुकला तर करार मोडला, आणि करार मोडणाऱ्याला कुठलाच संघ घेत नाही. त्या हॉलमध्ये लादी पुसणारे काका तेवढे सोबतीला. तेही दिवा गेला की हाक मारत, "शिडीराव, जरा उभे राहा बरं इथं."

बायकोचा फोन आला. "अहो, येताय ना? ती सगळ्या वर्गाला सांगून बसलीय."

"घोडं अडलंय. मी त्यांच्या खुणा सांगेन म्हणून सोडत नाहीत."

"घरात चार शब्द बोलायला महाग, आणि बाहेर फळे भरभरून बोलता." मग आवाज उतरवून म्हणाली, "बघा काही जमतंय का."

मंगळवारची गोष्ट. सही करता करता त्याच्या डोक्यात आलं, खुणाच बदलल्या तर? आपल्याला ठाऊक असलेलं सगळंच शिळं झालं, तर अडवतील कशाला? तीन दिवस तो हॉलमध्ये बसून नव्या खुणा जुळवत राहिला. खूण वाटूच नये अशी खूण. घड्याळ बघणं, कॉलर नीट करणं, गुडघा चोळणं. नुसता तळवा वर धरला तर चाल सोडायची, चेंडू धरून थांबायचं. काकांना समोर बसवून तो विचारी, "आत्ता मी काय केलं?"

"काय केलंत? नाक खाजवलंत."

"झकास."

शुक्रवारी चार वाजता त्यानं कोचना आणि पाच खेळाडूंना सगळं करून दाखवलं. पोरं तासाभरात शिकली. कोच दोनदा उठून उभे राहिले. "इतकी वर्षं झाली, असं काही पाहिलं नाही. जुन्या खुणा आजपासून बंद."

"मग सर, सोडपत्र?"

कोचनी खिशातून पेन काढलं, कागद गुडघ्यावर घेतला. मग पेन तसंच धरून त्यांनी वर पाहिलं.

"शिडी, या खुणा कुणी केल्या?"

"मीच की."

"म्हणजे तुला पाठ आहेत."

काका फस्सकन हसले, आणि शिडीचं तोंड बघून फडकं पिळायला लागले. पेन खिशात गेलं. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले तेव्हा शिडी तिथंच उभा होता.

कोच काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी शिडीला नवं काम दिलं. बाकावर आपल्याशेजारी बसायचं आणि खुणा करायच्या, हात लांबून दिसतो म्हणून. मनगटाच्या वरच संपणारा कोट मिळाला. फक्त यापुढे उगाच हात हलवायचा नाही. खाज आली तरी नाही, घाम आला तरी नाही. शिडी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायला शिकला. चौदा वर्षं निदान पळायला तरी मिळत होतं.

महिन्याभरानं सामना घरच्या गावी होता. आदल्या दिवशी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तू खेळणार नाहीस ते आईनं सांगितलं. पण मी हात केला की तूही कर हं. मैत्रिणी येणारेत."

"करीन," तो म्हणाला.

दोघी समोरच बसल्या होत्या, तिसऱ्या रांगेत. मुलगी पहिल्या पाच मिनिटांतच उठून हात हलवू लागली. शिडीनं बुटांकडे पाहिलं. मध्यंतराला तो दिसेल म्हणून ती पायऱ्यांपर्यंत आली, पण संघ आतल्या खोलीत गेला होता. उत्तरार्धात तिनं पुन्हा हात केला, जरा कमी उंच. शेजारची मैत्रीण काहीतरी म्हणाली. मुलगी खाली बसली आणि आईच्या पदराशी चाळा करू लागली.

अर्धं मिनिट उरलं होतं. संघ एका गुणानं मागे, चेंडू आपल्याकडे. "कॉलर," कोच तोंड न हलवता म्हणाले. "नेमबाजाला दे. कॉलर."

तेवढ्यात मुलगी पुन्हा उठली. या वेळी तिनं हात वर केला नाही, छातीशी धरून नुसती बोटं हलवली, जमलं तर बघ म्हणावं तशी.

शिडीनं मांडीखालचा हात काढला. कॉलरपाशी आला तो, तिथं क्षणभर थांबला आणि वर गेला, पार वर, तळवा उघडा. सगळ्या हॉलला दिसेल असा.

कोर्टवरची पाचही पोरं जागच्या जागी थांबली. नेमबाज रिंगखाली मोकळा उभा होता, त्याच्याकडे चेंडू गेला नाही.

"शिडी," कोच म्हणाले, "हात खाली घे."

"घेतो, सर."

घड्याळ एकेक सेकंद सोडत होतं. समोर मुलगी मैत्रिणीला खांद्यानं ढोसत बोट दाखवत होती, आणि मग दोन्ही हात हलवू लागली. ती दमून खाली बसेपर्यंत शिडीनं हात वर ठेवला.