जुगारखान्यातल्या गर्दीचा आवाज

नेरीनाचा आवाज तिच्या आधी गेला. घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी आवाजाची पेटीही काढली. त्यानंतर काही हवं असलं की ती टेबलावर चमचा वाजवायची. मागच्या हिवाळ्यात ती गेली. तेव्हापासून तिला आठवायला बसलो की मला चमचाच ऐकू येतो. चेहरा दिसतो, हात दिसतात, ओठ हलतात, पण आवाज येत नाही.

मी घरभर शोधलं. फोनला जोडलेल्या निरोपाच्या यंत्रावर आवाज होता तो माझा. मिरेल्लाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट निघाली. त्यात नेरीना केक कापताना कॅमेऱ्याकडे बघून भरभर काहीतरी सांगते आहे, हसते आहे, आणि त्या व्हिडिओवाल्याने वरून सगळीकडे व्हायोलिन भरलं आहे. ती कॅसेट मी इतक्या वेळा लावली की मिरेल्लाने ती उचलून स्वतःच्या घरी नेली.

मग मला तो सिनेमा आठवला.

लग्नाआधी नेरीना काही महिने डबिंगच्या स्टुडिओत जात होती. आमच्याकडे तेव्हा शूटिंग करताना आवाज कोणी घेतच नसे. नट-नट्या तोंड हलवायचे आणि नंतर अंधाऱ्या खोलीत दुसरीच माणसं त्यांच्या तोंडात आवाज घालायची. त्या वेळी हेरांच्या सिनेमांची टवाळी करणारे सिनेमे पैशाला पासरी निघत. त्यातलाच एक, 'एजंट पापालार्दोच्या मिशा'. आठवड्यात थिएटरांतून उतरला. मी नळाची कामं करत होतो, थिएटरात जायला सवड नव्हती. नेरीनाने पुढे सगळा जन्म लाँड्रीत इस्त्री केली. पण एकदा ती म्हणाली होती, "पापालार्दोमध्ये मी आहे बरं का." एवढंच.

मिरेल्लाने कॉम्प्युटरवर शोधलं. सिनेमा कुठेच नव्हता. मात्र तो पाहिलेल्या लोकांची मतं होती. ती वाचत गेली आणि मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत गेलो.

"पपा, ऐका. 'इतका फालतू हेरपट जन्मात पाहिला नाही. पाच वेळा पाहिला.'"

"पुढे."

"'पापालार्दो एका खोट्या मिशीवर दुसरी खोटी मिशी चिकटवतो तिथे आमचे आजोबा हसून खुर्चीवरून पडले. एक तारा आजोबांना.'"

"गाढव आहे. पुढे."

"'दिग्दर्शकाला शोधून पेन्शन बंद करा.' हे छान आहे, पपा."

"मिरेल्ला, पुढे!"

"'रशियन हेर झालेली नटी म्हणजे ओंडका. पण तिला जिने आवाज दिलाय, तिच्यासाठी मी शेवटपर्यंत बसलो. कोण होती ती? नाव कुठेच दिलेलं नाही.'"

मी खाली बसलो. "तीच," मी म्हणालो. "तीच तुझी आई."

"पपा, आई असं म्हणाली होती का? की मीच नायिकेला आवाज दिला?"

"म्हणाली होती की मी त्यात आहे."

"त्यात असणं म्हणजे..."

"तू मला शिकवू नकोस. नायिकेचा नाही तर मग काय मिशीचा आवाज दिला तिने?"

तिथेच खाली दुईलियो नावाच्या माणसाने लिहिलं होतं की त्याच्याकडे जुनी रिळं आहेत आणि क्वाद्रारो वस्तीतल्या फिल्म क्लबात रविवारी दुपारी तो सिनेमा दाखवणार आहे. त्या रविवारपर्यंत मी धड जेवलो नाही. माझी दाढीही मिरेल्लानेच केली.

क्लब म्हणजे पूर्वीचं सुतारकामाचं गॅरेज. प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. असल्या सिनेमांना लोक ऐकायला येत नाहीत, ओरडायला येतात, हे मला ठाऊक नव्हतं. पापालार्दो पडद्यावर आला आणि सगळे एका सुरात ओरडले, "मिशी! मिशी!" मग ती रशियन बाई आली, तोंड उघडलं, आणि तो आवाज आला. खालचा, मऊ, थोडासा दमलेला.

"गप्प बसा!" मी ओरडलो.

मागचा एक जाडा माणूस म्हणाला, "अहो आजोबा, इथे काय चर्चमधला मिस्सा चाललाय का?"

"माझी बायको बोलतेय!"

"माझी पण घरी बोलते, म्हणून तर इथे आलोय!"

लोक खो खो हसले. मिरेल्लाने माझा हात धरला. ती बाई बोलली की मी डोळे मिटून घेत होतो आणि रडत होतो. तो आवाज नेरीनाचा वाटतो का, हे मी स्वतःला विचारलंच नाही. मला तो हवा होता, मी घेतला.

सिनेमा संपल्यावर दिवे लागले आणि दुईलियो माईक घेऊन उभा राहिला. क्लबात सिनेमानंतर चर्चा होतेच, ती केल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. एका चष्मेवाल्या पोरीने सांगितलं की हा सिनेमा त्या काळच्या सरकारवर टीका आहे. जाडा माणूस म्हणाला, "टीका कसली, त्यांच्याकडचे पैसे संपले म्हणून शेवटचा पाठलाग गाढवावर झाला." एकजण म्हणाला की गाढवाचं काम सगळ्यात उत्तम. मी माईक मागितला.

"माझं नाव सेत्तिमियो," मी म्हणालो. "मला सिनेमातलं कळत नाही. त्या रशियन बाईचा आवाज माझ्या बायकोचा होता. ती गेली. आज मी तो पुन्हा ऐकला. तुम्ही मधे ओरडलात ते विसरतो. आभारी आहे."

कोणी हसलं नाही. जाडा माणूस उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला, मग सगळ्यांनी वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर पुढच्या रांगेतली एक म्हातारी मागे वळली. लाल कोट, हातात काठी. दुईलियोने तिला जुन्या स्टुडिओतली म्हणून बोलावलं होतं, तिची ओळख अजून करून द्यायची होती. तिचं नाव योले.

"माफ करा," ती म्हणाली, "पण तो आवाज माझा आहे."

"नाही," मी म्हणालो.

तिने गळा साफ केला आणि सिनेमातलं वाक्य म्हटलं, "पापालार्दो, मरण्याआधी मिशी काढा." तोच आवाज. म्हातारा झालेला, पण तोच. खालचा, मऊ.

मी तासभर एका परक्या बाईसाठी रडलो होतो, आणि ती माझ्यासमोर जिवंत बसली होती.

"तुमच्या बायकोचं नाव काय?" तिने विचारलं.

"नेरीना. नेरीना तोझी."

"नेरीना! गलक्यातली नेरीना!" ती उठून उभी राहिली. "अहो, ती होती की. गर्दीचे आवाज करायला आठ-दहाजण एका माईकभोवती उभे राहायचे. बाजार, स्टेशन, जुगारखाना. ती त्यांच्यात होती. या सिनेमात जुगारखान्याचा प्रसंग आहे, त्यात ती असणार."

"मग तो दाखवा," मी दुईलियोला म्हणालो. "आत्ता दाखवा."

"सिन्योर सेत्तिमियो, हॉल रिकामा करायचाय, नाचाचा वर्ग आहे इथे..."

"दाखव रे," जाडा माणूस म्हणाला. "नाचणारे थांबतील."

रीळ मागे फिरवलं. जुगारखाना. पापालार्दो पत्ते लपवतो आहे आणि मागे माणसांचा गलका. हसणं, ग्लास, अर्धी वाक्यं. कोणीतरी म्हणतं "लाल". एक बाई म्हणते "अरे देवा". क्षणभरात संपलं.

"पुन्हा," मी म्हणालो.

पुन्हा लावलं. "ती 'अरे देवा' वाली!" मागून कोणी म्हणालं. "छे, ती खोकणारी," दुसरा म्हणाला. चष्मेवाली म्हणाली, "डावीकडे एक हसते आहे बघा, ती." सगळे बोटं दाखवायला लागले. जो तो वेगळा आवाज माझ्यासमोर धरत होता आणि मला एकही ओळखू येत नव्हता. एवढा जन्म तिच्याबरोबर काढून एकही नाही.

"सिन्योरा," मी योलेला म्हणालो, "तुम्ही तिच्याबरोबर होतात. यातला कुठला?"

"मला नाही सांगता येत. ती गर्दी आहे. कोणी ओळखू यायला नको, त्याचेच पैसे मिळायचे."

"मग कुठलाही सांगा. हा, म्हणा. मी मानेन."

"पपा," मिरेल्ला म्हणाली.

"कुठलाही एक द्या हो! मी घरी जाऊन काय करू?"

योले चिडली. "कोणाच्याही तोंडात कोणाचाही आवाज घालायचा, हे मी चाळीस वर्षं केलं. मेलेल्या मैत्रिणीला ते करणार नाही." मग ती काठी टेकत माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. तिला धाप लागली होती. "ती घरात काय म्हणायची? रोजचं काहीतरी सांगा."

"दुपारी मी जिन्यात आलो की विचारायची. सेत्ती, पास्ता टाकू का?"

"सेत्ती, पास्ता टाकू का?" योले म्हणाली.

"नाही. असं नाही."

"कसं मग? वरून? खालून?"

"जरा वर. आणि घाईत. पाणी उकळलेलं असायचं."

"सेत्ती, पास्ता टाकू का!"

"नाही, ओरडायची नाही ती. 'सेत्ती' लांब असायचं, बाकीचं गिळून टाकायची."

योलेने पुन्हा म्हटलं. मी मान हलवली. तिने आणखी एकदा म्हटलं, जास्त नाकात. ते तर अजिबातच नव्हतं. लोक खुर्च्या एकावर एक रचायला लागले होते, तेही आवाज न करता. दारात नाचाच्या वर्गाच्या बायका येऊन उभ्या होत्या.

"सेऽत्ती," योले म्हणाली, आणि पुढचं झटकन, जवळजवळ नेरीनासारखं.

"नाही," मी म्हणालो, आणि त्याच क्षणी माझ्या मागून मिरेल्लाही म्हणाली, "नाही."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. तिने तोंडावर हात ठेवला होता.

"शेवटी," ती म्हणाली, "शेवटी आवाज वर जायचा ना, पपा?"

"जायचा," मी म्हणालो. "पण अगदी थोडा."

"पुन्हा करते," योले म्हणाली.