टोपलीबाहेरची तबकडी

मी एक तबकडी बोलतेय. ताटलीएवढी, मऊ प्लास्टिकची, साच्यातून निघालेली. तबकड्या फेकायच्या खेळात मैदानातल्या खांबावर लोखंडी टोपली असते, तिच्यावर साखळ्या लोंबतात. त्या साखळ्यांवर आपटून टोपलीत पडायचं, एवढंच माझं काम. लांबच्या फेकीला दुसऱ्या तबकड्या असतात. मी अगदी शेवटच्या टप्प्याची.

माझा मालक न्हावी. दुकान बंद असलं की मेव्हण्याबरोबर खेळायला यायचा. लांबून टोपलीजवळ झकास पोचायचा आणि माझी पाळी आली की माती खायचा.

"दाजी, माशा हाकलताय की काय!" मेव्हणा हसायचा. "मनगट नको. वजन मागच्या पायावरून पुढच्यावर घ्या, हात टोपलीकडे सरळ न्या, बोटं झटकन उघडा. नजर एकाच कडीवर."

मालकानं ते मनावर घेतलं. परसातल्या भिंतीवर खडूनं गोल काढून रोज सराव करायचा. पाय सुधारले, खांदा सुधारला, हात सरळ यायला लागला. तरी मी सुटताना डगमगायचेच.

कारण मला ठाऊक होतं. त्याचा अंगठा माझ्या पाठीवर टेकला की आतून बारीक थरथर यायची. फेकतानाच नव्हे, हात नुसता लोंबत असतानाही. पण मला कुठलं तोंड? तो बिचारा पकड बदलत राहिला.

मग दुकानात गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला. कान थोडक्यात वाचला. त्या संध्याकाळी मालक टोपलीपुढे उभा राहिला, पण मला फेकेचना.

"टाका ना दाजी! सराव सोडला की संपलं."

"सराव करून थकलो रे. हा हातच माझं ऐकत नाही."

त्यानं हात पुढे धरला. मी त्यात पानासारखी हलत होते. मेव्हण्याचं हसू तिथंच विरलं.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी थरथर कमी झाली, गेली नाही. दुकान दुसऱ्यानं घेतलं. मेव्हणा काही दिवस बोलवायला आला, मग यायचा थांबला.

आता मी स्वयंपाकघरात उताणी पडून असते. मालकीणबाई माझ्यात चहाचा कप ठेवून त्याच्यापुढे सरकवतात. "अहो, सावकाश." चहा हिंदकळतो, माझ्यात सांडतो. माझी कड उंच, म्हणून टेबल कोरडं राहतं. दोघंही माझ्याकडे बघत नाहीत.

एवढीच विनवणी आहे. कुणाचा नेम सारखा चुकत असेल, तर लगेच शिकवायला धावू नका. आधी त्याचा हात हातात घेऊन बघा. माझ्या मालकाचा कुणी घेतला नाही. मी रोज त्याच्या हातात होते. पण मला हात धरता येत नाही.