जोजिलाखालच्या तीन सकाळी

वीजकपातीमुळे सोलापुरात अक्कलकोट रोडवरचे आमचे माग तीन महिने बंद राहणार, असं मालकानं सांगितलं. त्याच संध्याकाळी बसाण्णा म्हणाला, "धुळा, सायकलनं लडाख बघून येऊ." बसाण्णा म्हणजे शुक्रवार पेठेतला बसलिंगप्पा, माझ्या शेजारच्या मागावरचा. मी सांगोल्याकडचा धनगर. साल होतं शहात्तर.

अडतीस दिवस सायकल मारून आम्ही काश्मिरात सोनमर्गला पोचलो. पुढं जोजिलाचा घाट, तो ओलांडला की लडाख. ऑक्टोबर लागला होता. एकदा बर्फ पडलं की रस्ता उन्हाळ्यापर्यंत बंद. त्यात रस्ता एकेरी; सकाळी गाड्या वर सोडायच्या, दुपारी खाली. घाटाच्या पायथ्याच्या फाटकावरच्या जवानानं सांगून ठेवलं होतं, सायकलवाल्यांनी सहाला यायचं, ट्रक सुटले की सोडणार नाही.

बसाण्णाच्या गळ्यात लिंग. अंघोळ करायची, भस्म लावायचं, लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात पाणी. सोलापुरात हे अर्ध्या तासाचं काम. इथं नदीच्या काठाला बर्फाची काच धरलेली, आणि गरम पाणी देणारा चहावाला सातला उठायचा.

पहिल्या दिवशी फाटकावर पोचायला साडेआठ वाजले. ट्रकांची रांग घाटाला लागली होती. जवानानं नुसता हात हलवून आम्हाला मागं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी पाचलाच त्याला हलवलं.

"वर जाऊन कर की पूजा."

"उपाशी चढू व्हय घाट? पूजेआधी पाण्याचा थेंब घेत न्हाय मी. मधीच चक्कर आली तर तू उचलणार?"

"मग बिनअंघोळीची कर. देव काय हितं वास घ्यायला येतोय?"

"तुमचं बरं हाय. मेंढरू भिजलं की मालकाची अंघोळ झाली."

एरवी हसलो असतो. त्या दिवशी सायकलीला लाथ मारली, आणि माझाच अंगठा सुजला. पुन्हा साडेआठ, पुन्हा मागं.

तिसऱ्या सकाळी मी त्याला उठवलंच नाही. सहाला एकटाच फाटकातून सुटलो.

चढ असा की सीटवर बसायची सोयच नाही. चिखल, खडी, एका अंगाला दरी. दहा पावलं ढकलायची आणि हँडलवर छाती टेकून श्वास घ्यायचा. माथ्यावर पोचलो तेव्हा वाऱ्यानं उभं राहवेना. समोर रस्ता उतरून तपकिरी, उघड्या डोंगरांत शिरला होता. झाड नाही, घर नाही. अडतीस दिवस ज्याच्यासाठी पाय झिजवले ते हेच. पेडल मारायचीही गरज नव्हती, ब्रेक सोडला की झालं.

पण बेत बसाण्णाचा होता. तो खाली माझी वाट बघत असेल. एकट्यानं पुढं जायला मन होईना, आणि मागं फिरायच्या विचारानं डोक्याची शीर उडत होती. शेवटी दुपारी उतरणीच्या गाड्या सुटल्या तसा त्यांच्या मागून चरफडत खाली आलो. म्हटलं, उद्या चहावाल्याला मी स्वतः चारला उठवतो, पण याला वर नेतोच.

बसाण्णा निवांत शेंगाचटणी खात बसला होता.

"परत का आलास?"

"तुझ्यासाठी."

"मी कुटं म्हणलं ये म्हणून? एक ट्रकवाला उद्या दहाला सायकलसकट वर न्हेतो म्हणलाय मला. तू जायचं हुतंस की पुढं!"

उरलेली चटणी त्यानं माझ्यापुढं सरकवली. मी हात लावला नाही.

रात्रीत बर्फ पडलं. सकाळी फाटकाला साखळी होती, आणि यंदा आता उघडत नाही म्हणून जवानानं सांगितलं.

परतीला पंजाबात जागोजागी पंप, पाणीच पाणी. रोज सहाच्या आत बसाण्णाची अंघोळ, पूजा उरकलेली. कपाळावर भस्म लावून तो सायकलीवर तयार, आणि मी अजून चादरीत.

"ए धुळा," तो घंटी वाजवत ओरडायचा, "ऊठ की! तुझ्यापायी रोज उशीर हुतोय."